उलटा धबधबा खरा कसा ठरवायचा?

कल्याणहून मुरबाड-सरळगाव करत माळशेजकडे निघालं की टोकावडे येईपर्यंत सह्याद्रीची भिंत अगदी समोर आलेली असते. पुढे वैशाखऱ्यापाशी नाणेघाटाची वाट फुटते, मोरोशीचा भैरवगड दिसू लागतो, मग माळशेजचे धबधबे. मेअखेरीस घाटपायथ्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. पौष पौर्णिमेला म्हसा गावी म्हसोबाची जत्रा आणि बैलांचा बाजार भरतो. एवढं सगळं एका तालुक्यात असल्यावर छायाचित्र स्पर्धेला विषय शोधत बसावं लागत नाही. गणेशोत्सव मंडळ, महाविद्यालय, गड चढणाऱ्यांचा एखादा गट, कुणीही स्पर्धा जाहीर करू शकतं. आणि निकाल लागला की कुणीही विचारू शकतं, 'हा फोटो खरा आहे कशावरून?'

त्या प्रश्नाचा सगळ्यात चांगला नमुना नाणेघाटातच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या कड्यावरून खाली पडणारं पाणी मध्येच वळतं आणि पुन्हा वर उडतं. समुद्रावरून येणारा नैऋत्य वारा कोकणपट्टी ओलांडून या भिंतीवर आदळतो. त्याला पुढे जायला वाट नसते, म्हणून तो कड्याला लागून वर चढतो. खिंडीच्या अरुंद तोंडाशी त्याचा जोर वाढतो आणि बारीक धारेचे थेंब उचलून तो पठारावर भिरकावतो. मुरबाड-जुन्नरच्या माणसाला यात नवल वाटत नाही. पण ज्या परीक्षकाने हा घाट कधी पाहिला नाही, त्याच्यासमोर हे चित्र आलं तर त्याची पहिली शंका हीच असणार की संगणकावर काहीतरी उलटंसुलटं केलं आहे. शंका अगदीच वावगी नाही. व्हिडिओ उलटा चालवला की कुठलाही धबधबा वर चढू लागतो, आणि मोबाइलवर ते एका बोटाचं काम आहे.

अशा वेळी नुसत्या पाण्याकडे पाहून निवाडा होत नाही. कड्याच्या काठावरचं गवत कुठे वाकलं आहे, उभ्या माणसांचे रेनकोट कुठल्या दिशेला फुगले आहेत, छत्री कशी उलटली आहे, थेंब पठारावर कुठपर्यंत पोचले आहेत, या सगळ्यांनी एकच वारा सांगितला पाहिजे. व्हिडिओ उलटा चालवलेला असेल तर माणसं उलट्या पावली चालतात आणि पक्षी मागे उडतात. त्याच घाटाचं याच्या बरोबर विरुद्ध उदाहरणही देता येतं. वैशाखऱ्याच्या बाजूने पाहिलं तर नाणेघाट पूर्वेला आहे. तिथून त्याच्यामागून सूर्य उगवेल, पौर्णिमेचा चंद्रही वर येईल, पण मावळणार दोघांपैकी कुणीच नाही. कोकणाच्या बाजूने घेतलेलं 'नाणेघाटामागे सूर्यास्त' असं चित्र कितीही देखणं असलं तरी त्यातला सूर्य एक तर सकाळचा आहे किंवा दुसरीकडून आणून बसवलेला आहे. अशक्य वाटणारा धबधबा खरा आणि सहज पटणारा सूर्यास्त खोटा. हे सांगायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, गाव माहीत असलेला माणूस लागतो. म्हणून स्थानिक स्पर्धेच्या परीक्षक मंडळात छायाचित्रण जाणणाऱ्यांइतकाच तो डोंगर रोज पाहणारा एक माणूस असावा, असं मी आग्रहाने म्हणेन.

खरं असून खोटं वाटणाऱ्या चित्राची अलीकडची मोठी गोष्ट रोहित पक्ष्याची आहे. माळशेज ओलांडून पिंपळगाव जोगेच्या जलाशयाकडे छायाचित्रकार ज्या पक्ष्याच्या आशेने जातात, तोच हा पक्षी. २०२४ साली माइल्स ॲस्ट्रे नावाच्या छायाचित्रकाराने '१८३९ अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांच्या विभागात एक प्रवेशिका पाठवली. वाळूत दोन पायांवर उभा गुलाबी गोळा. मान नाही, डोकं नाही. परीक्षकांनी तिला तिसरा क्रमांक दिला आणि लोकांच्या मतदानाचं पारितोषिकही तिलाच मिळालं. मग त्याने सांगितलं की हे अरुबा बेटावर कॅमेऱ्याने टिपलेलं अस्सल छायाचित्र आहे, पक्षी मान वळवून पोट खाजवतो आहे एवढंच. आयोजकांनी प्रवेशिका बाद केली. विभाग यंत्रनिर्मित चित्रांचा होता आणि त्यात खरं छायाचित्र शिरलं तर त्या विभागातल्या इतरांवर अन्याय होतो, हे ॲस्ट्रेलाही मान्य होतं.

त्याच्या आदल्या वर्षी याच्या उलट घडलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये जर्मनीच्या बोरिस एल्डागसेनने सोनी जागतिक छायाचित्र पुरस्कारांच्या खुल्या स्पर्धेतल्या सर्जनशील विभागाचं पारितोषिक नाकारलं. त्याची दोन स्त्रियांची जुनाट भासणारी कृष्णधवल प्रतिमा यंत्राने घडवलेली होती. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. खरं छायाचित्र अपात्र ठरू शकतं, आणि यंत्राचं चित्र योग्य विभागात पूर्ण प्रामाणिक असू शकतं.

माझ्या मते स्पर्धेतल्या सगळ्या वादांची किल्ली इथे आहे. स्पर्धेत छायाचित्र एकटं येत नाही, त्याच्याबरोबर एक विधान येतं. कधी ते शीर्षकात असतं, कधी विभागाच्या नावात, कधी अर्जावरच्या सहीत. 'हा प्राणी रानातला आहे', 'हे मी टिपलं', 'यातलं काही काढलं नाही, काही घातलं नाही.' लबाडी तपासायची ती या विधानाशी ताडून. अमुक तंत्र चांगलं आणि तमुक वाईट, या चर्चेतून निवाडा कधीच निघत नाही.

तंत्राबद्दलचा हा घोळ आजचा नाही. छायाचित्र संस्था मुंबईत १८५४ सालीच स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले क्रियाशील सभासद आणि स्वतः छायाचित्रकार होते. त्याच संस्थेच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या लोकांचे दोन सचित्र खंड छापले. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसांचे गट एकीकडे टिपलेले आहेत, मागची इमारत किंवा देखावा दुसरीकडे, आणि प्रयोगशाळेत दोन्ही एकत्र जोडले आहेत. पाहणाऱ्याला वाटतं ही मंडळी त्याच जागी उभी होती. मुंबईकरांचं पुस्तकात छापलेलं आद्य चित्रण अशा जोडकामातून आलं आहे. त्या काळच्या काचेवरच्या निगेटिव्हला उघड्यावर माणसं आणि दूरचा देखावा एकाच वेळी नीट पेलणं कठीण होतं, ही अडचण खरी. पण 'या लोकांचं हे ठिकाण' असं वाचकाला सांगून जोड लपवणं ही निवड होती, आणि त्या चित्रांवरून कोण कुठे राहत होतं हे ठरवणाऱ्या आजच्या अभ्यासकाला त्या निवडीची किंमत मोजावी लागते.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण पाहू. २०१० साली 'वर्ल्ड प्रेस फोटो' या बातमी-छायाचित्रांच्या स्पर्धेत स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराचं पारितोषिक काढून घेण्यात आलं. युक्रेनमधल्या एका लढवय्याच्या हाताला पट्टी बांधली जात असल्याचं ते चित्र. त्याने मूळ चौकट बरीच कापली होती, रंग काढून टाकले होते, दाणेदारपणा वाढवला होता. यातल्या कशालाच हरकत घेतली गेली नाही. हरकत होती ती मागच्या एका माणसाच्या पावलाचा बोटभर भाग पुसल्याची. अनेकांना हा निर्णय अतिरेकी वाटला, मला तो योग्य वाटतो. चौकट कापणारा सांगतो की मी एवढंच दाखवतो आहे. पुसणारा सांगतो की तिथे काही नव्हतंच. बातमीच्या स्पर्धेत या दुसऱ्या विधानाला जागा असता कामा नये. आणि नियम तसा लिहिलेला होता.

आता काजवे. आपल्याकडच्या काजव्यांच्या फोटोंवर हमखास आक्षेप येतो की इतके काजवे एका वेळी कधी दिसतात का? दिसत नाहीत. २०२३ च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत श्रीराम मुरली यांना तामिळनाडूतल्या अनामलाई व्याघ्र प्रकल्पातल्या काजव्यांच्या चित्रासाठी विभागाचं पारितोषिक मिळालं. ते चित्र १९-१९ सेकंदांच्या ५० चौकटी एकत्र करून तयार झालं आहे, म्हणजे जवळपास १६ मिनिटांचा लखलखाट त्यात साठवला आहे. रुदिकच्या बोटभर पुसण्यापेक्षा हा हस्तक्षेप कितीतरी मोठा आहे. तरी त्यात फसवणूक नाही, कारण ही माहिती चित्राखालच्या ओळींतच दिलेली होती. टोकावड्यातल्या एखाद्या मुलाने रात्रभर बसून अशा चौकटी जमवल्या आणि अर्जावर तसं लिहिलं, तर त्याच्या कष्टाला मान मिळायला हवा. तेच चित्र 'एका क्षणी टिपलेलं' म्हणून दिलं तर शेजारच्या मुलाने खरंच एका चौकटीत टिपलेले तीस-चाळीस ठिपके हरतात. स्पर्धेतल्या लबाडीचा पहिला बळी हा असा असतो: नियम पाळून मागे राहिलेला, ज्याचं नाव कुणाला कळतही नाही.

निसर्गछायाचित्रांत मात्र वेगळीच अडचण येते. तिथे फाइलला धक्का न लावताही खोटं बोलता येतं. लंडनचं नैसर्गिक इतिहास संग्रहालय जी 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धा भरवतं, तिचं २००९ चं सर्वोच्च पारितोषिक स्पेनच्या होसे लुइस रॉद्रीगेसला मिळालं. चंद्रप्रकाशासारख्या उजेडात एक लांडगा लाकडी फाटकावरून झेप घेतो आहे, असं ते चित्र. पारितोषिक दहा हजार पौंडांचं. थोड्याच दिवसांत स्पेनमधल्याच छायाचित्रकारांना त्या लांडग्याची ओळख पटली. माद्रिदजवळच्या एका प्राणी उद्यानातल्या माणसाळलेल्या लांडग्याशी त्याचं विलक्षण साम्य होतं. रानटी लांडगा फाटकाच्या फळ्यांमधून सरकून गेला असता, एवढी उंच उडी त्याने मारली नसती, असा आक्षेपही जाणकारांनी घेतला. जानेवारी २०१० मध्ये संग्रहालयाने चित्र अपात्र ठरवलं. पाळीव किंवा भाड्याचा प्राणी नियमांत बसत नव्हता. छायाचित्रकाराने आरोप शेवटपर्यंत फेटाळला. त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक मग कुणालाही देण्यात आलं नाही.

आठ वर्षांनी तीच स्पर्धा पुन्हा अडचणीत आली. ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानात रात्री चमकणाऱ्या वारुळाशी आलेला एक मुंगीखाऊ, मार्सियो काब्राल याचं चित्र, २०१७ चं विभागीय पारितोषिक. उद्यानाच्या एका प्रवेशद्वारापाशी पर्यटकांसाठी पेंढा भरलेला मुंगीखाऊ ठेवला होता. संग्रहालयाने पाच तज्ज्ञांना दोन्हींची स्वतंत्रपणे तुलना करायला सांगितली. अंगाची ठेवण, मानेवरचे पट्टे, केसांचे झुबके इतके जुळले की दोन्ही एकच असल्याचा निष्कर्ष निघाला आणि एप्रिल २०१८ मध्ये पारितोषिक रद्द झालं. काब्रालने आधीच्या आणि नंतरच्या मूळ फाइली दिल्या, पण मुंगीखाऊ असलेली दुसरी एकही चौकट त्याच्याकडे नव्हती. प्राणी एकाच चौकटीपुरता थांबला, असं त्याचं म्हणणं होतं. हा तपशील आपल्या आयोजकांनी लक्षात ठेवावा. रानातला प्राणी समोर आला की हात थरथरतो आणि माणूस बटण दाबतच राहतो, त्यामुळे आजूबाजूच्या चौकटी बहुतेक वेळा असतात. त्या मागवणं हा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा तपास आहे.

पेंढा भरलेला प्राणी आपल्याकडे कुणी आणणार नाही. आपल्याकडे होतं ते घरट्याशी. पावसाळ्यात कोकणातल्या आणि घाटपायथ्याच्या ओढ्यांच्या मातीच्या दरडीत तिबोटी खंड्या बीळ करून पिल्लं वाढवतो. चोचीत सरडा किंवा बेडूक धरलेला तो इवलासा रंगीत पक्षी म्हणजे पारितोषिक खेचणारं चित्र. त्यासाठी बिळासमोर माणसं तासन् तास ठाण मांडतात, आड येणाऱ्या फांद्या छाटतात. फांद्या गेल्या की बीळ उघडं पडतं, सापाला आणि शिकारी पक्ष्याला सापडतं. माणसं हलत नाहीत तोवर पालक पक्षी पिल्लांपर्यंत जात नाही. काजव्यांच्या झाडाखाली गाडीचे दिवे चालू ठेवले की ज्या लुकलुकण्यावर त्यांचं मीलन अवलंबून आहे तेच विरून जातं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत कॅमेरे होते, वेगळं सांगायला नको. म्हणून घरट्यातल्या पिल्लांची आणि आमिष दाखवून जवळ आणलेल्या प्राण्यांची छायाचित्रं स्पर्धेत घेऊच नयेत. अशा नियमाने काही सुंदर चित्रं हुकतील. हुकू द्यावीत.

प्रामाणिकपणे काय साधता येतं तेही आपल्याच शेजारी घडलं आहे. २०१६ साली नयन खानोलकर यांना याच लंडनच्या स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरेतल्या वारली पाड्यातून रात्री जाणारा बिबट्या त्यांनी टिपला होता. कॅमेरा ट्रॅप लावून चार महिने वाट पाहावी लागली. बिबट्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो त्याच्या रोजच्या वाटेने चालला होता, आणि पाड्यातली माणसं त्याच्यासोबत राहायला शिकलेली होती. चित्रात जे दिसतं आणि ओळींत जे लिहिलं आहे, त्यात फट नाही.

माणसांच्या छायाचित्रांत हीच फट सगळ्यात जास्त दुखावते. मार्च २०१९ मध्ये दुबईच्या हमदान पुरस्कारात 'आशा' या विषयासाठी एक लाख वीस हजार डॉलरचं पारितोषिक व्हिएतनाममधल्या एका गरीब आईच्या छायाचित्राला मिळालं. मूल कडेवर, दुसरं बिलगलेलं, डोळे थेट भिडणारे. नंतर त्याच वेळचं दुसरं छायाचित्र बाहेर आलं. त्यात त्या आईभोवती छायाचित्रकारांचा घोळका कॅमेरे रोखून बसलेला दिसतो. विजेत्याचं म्हणणं होतं की ती वाटेत भेटली, ठरवून काही केलं नव्हतं. ते मान्य केलं तरी पाहणाऱ्याला जो एकांत भासला तो तिथे नव्हता. त्याआधी दोन वर्षं, मे २०१७ मध्ये, सौविद दत्त या तरुण छायाचित्रकाराने कबूल केलं की कोलकात्याच्या सोनागाछीतल्या आपल्या एका चित्रात त्याने मेरी एलन मार्क यांच्या छायाचित्रातली एक आकृती आणून बसवली होती. मार्क यांनी ती १९७८ साली मुंबईच्या फॉकलंड रोडवर टिपली होती. मुंबईतल्या एका जिवंत माणसाचा चेहरा काही दशकांनी दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कुणाच्या दुःखाला चिकटवला गेला. मूळ छायाचित्रकाराचं श्रेय गेलं हा अन्याय झालाच. पण त्या चेहऱ्याच्या मालकाला कुणी विचारलं?

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी हा प्रश्न सोबत न्यावा. कातकरी बाईला मोळी पुन्हा डोक्यावर घ्यायला लावायची, ठाकर पोराला चांगला शर्ट काढून फाटका घालायला सांगायचा, चुलीपुढे बसवून धूर वाढवायचा आणि खाली 'जगण्याची लढाई' असं लिहायचं, ही लबाडीच आहे. फाइल कितीही शुद्ध असली तरी. त्या पोराने सकाळी आवडीने तो शर्ट घातला होता आणि त्याचं तेच खरं रूप होतं. मांडून घेतलेली छायाचित्रं वाईट नसतात; लग्नाचे फोटो मांडूनच घेतात. पण मग विभाग व्यक्तिचित्रांचा असावा, आणि माणसाची परवानगी घेतल्याचं अर्जावर लिहिलेलं असावं.

इथवर स्पर्धकांविषयी बोललो. गावपातळीवरच्या तक्रारी ऐकल्या तर त्यातल्या अर्ध्याअधिक आयोजकांविषयी असतात, आणि त्या खऱ्याही असतात. परीक्षकाचे विद्यार्थी स्पर्धक असतात. विभाग निकालाच्या दिवशी बदलतात. 'सर्वाधिक लाइक' हा निकष ठेवला की मोठं गणगोत आणि मोठी मित्रमंडळी असलेला जिंकतो. दोनशे घरांच्या पाड्यावरून आलेल्या मुलीला तिथे कधीच संधी नसते. कुस्तीच्या फडात पैलवान उतरल्यावर वजनगट बदलत नाहीत, तसंच इथे हवं. मोबाइलची आणि मोठ्या कॅमेऱ्यांची स्पर्धा वेगळी, संपादनाला मुभा कुठपर्यंत, परीक्षक कोण, हे सगळं प्रवेशिका मागवण्याआधी छापलेलं असावं. चित्रांवर नाव न ठेवता क्रमांक घालून ती परीक्षकांपुढे ठेवायला काहीच खर्च येत नाही. आणि ज्या परीक्षकाचा स्पर्धकाशी नात्याचा किंवा व्यवसायाचा संबंध आहे त्याने त्या चित्राला गुण देऊ नयेत, एवढा संकोच गावातही पाळता येतो.

घाईने दिलेलं बक्षीस आयोजकांना किती महागात पडतं, ते जानेवारी २०१६ मध्ये निकॉन कंपनीच्या सिंगापूर शाखेला कळलं. शिडीच्या चौकटीतून नेमकं मधोमध विमान जातानाच्या चित्राला त्यांनी छोटंसं बक्षीस दिलं. लोकांनी ते चित्र संगणकावर उजळ केलं, तर विमानाभोवती चिकटवल्याचा पांढरा चौकोन दिसला. विमान नंतर चिकटवलेलं होतं. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. २०१५ साली 'वर्ल्ड प्रेस फोटो'ने शेवटच्या आधीच्या फेरीत मूळ फाइली तपासल्या, तेव्हा तिथवर पोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के प्रवेशिका फेरफारामुळे बाद कराव्या लागल्या. जगातल्या मुरलेल्या बातमी-छायाचित्रकारांची ही स्थिती.

पण शंका म्हणजे गुन्हा नव्हे. स्वीडनच्या पॉल हान्सेन यांना गाझातल्या दोन बालकांच्या अंत्ययात्रेच्या छायाचित्रासाठी २०१३ साली 'वर्ल्ड प्रेस फोटो'चं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मे महिन्यात इंटरनेटवर आरोप उसळला की ते अनेक चित्रांचं जोडकाम आहे. जग त्यांना लबाड म्हणू लागलं. संस्थेने मूळ फाइल स्वतंत्र तज्ज्ञांना दिली. त्यांनी सांगितलं की रंग आणि उजेड यांत फेरफार आहे, जोड कुठेही नाही. पारितोषिक कायम राहिलं. आपल्याकडे असा आरोप झाला तर काय होतं? मंडळाच्या गटात दोन दिवस मेसेज फिरतात, कुणीतरी 'वाद नको' म्हणून दुसऱ्याला बक्षीस देऊन टाकतो, आणि ज्याने खरंच पहाटे चारला उठून गोरखगड चढला होता तो पोरगा पुन्हा स्पर्धेत येत नाही. आरोप लेखी घ्यावा, छायाचित्रकाराला उत्तराची संधी द्यावी, मूळ फाइल परीक्षकाखेरीज तिसऱ्या कुणाला दाखवावी आणि निर्णय कारणासह जाहीर करावा. यासाठी आठवडा लागला तरी बक्षीस समारंभ पुढे ढकलावा.

तपासाची एक साधी अडचण मात्र आयोजक स्वतःच निर्माण करतात. प्रवेशिका व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवल्या की चित्र आकसतं आणि फाइलमध्ये दडलेली नोंद पुसली जाते. कुठला कॅमेरा, कुठली वेळ, किती सेकंद शटर उघडं, या सगळ्याला एक्झिफ म्हणतात. तेच चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर नोंद टिकते. ती नोंद बदलता येते हेही खरं, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नये. सावल्या एकाच दिशेला आहेत का, चंद्र भिंगाच्या मानाने अवाढव्य तर नाही, त्या तारखेला तो त्या वेळी आकाशात होता का, हे जुळवून पाहावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायका कंपनीने चित्र टिपताच त्याच्यावर डिजिटल सही करणारा पहिला कॅमेरा बाजारात आणला. तो आपल्या स्पर्धकांच्या खिशाला परवडणारा नाही. तसा कॅमेरा परवडू लागेपर्यंत आजूबाजूच्या चौकटी आणि मूळ फाइल, एवढ्यावर गावचं काम चांगलं भागतं.

शेवटी नियमपत्रिकेतली ती एक ओळ, जी कुणी वाचत नाही: 'प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.' पाचशे रुपयांच्या चषकासाठी शंभर जणांची चित्रं कायमची घेऊन टाकणारी ही ओळ स्पर्धकाच्या लबाडीइतकीच अन्यायकारक आहे, आणि ती बहुतेकदा दुसऱ्याच्या पत्रिकेतून उतरवलेली असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. हक्क दिल्यावरही आपलं नाव लावून घेण्याचा आणि चित्राची मोडतोड थांबवण्याचा कर्त्याचा अधिकार कलम ५७ खाली शिल्लक राहतो. आयोजकांना खरं तर एवढंच हवं असतं की विजेती चित्रं प्रदर्शनात आणि स्मरणिकेत छापता यावीत. मग तेवढंच लिहावं: फक्त विजेती चित्रं, एक वर्ष, छायाचित्रकाराच्या नावासह.